एकाच बुरशीत जनुक गप्प करण्याच्या तीन रीती: न्यूरोस्पोरावर काम सुरू करताना

दोन नळ्या शेजारी ठेवा. दोन्हींत न्यूरोस्पोरा क्रासा हीच बुरशी. केशरी रंगद्रव्य बनवायला लागणारं एएल-१ हे जनुक दोन्हींत धडधाकट, त्याच्या क्रमात एका अक्षराचाही फरक नाही. तरी एक नळी झेंडूसारखी केशरी आणि दुसरी पांढरीफटक. फरक एवढाच, की पांढऱ्या नळीतल्या बुरशीला त्याच जनुकाच्या आणखी काही प्रती बाहेरून दिल्या आहेत. प्रती वाढल्या तर रंग गडद व्हायला हवा. झालं उलटं, मूळ जनुकही गप्प बसलं. १९९२ साली निकोलेटा रोमानो आणि ज्युसेप्पे माचिनो यांनी रोममध्ये हे पाहिलं आणि त्याला क्वेलिंग असं नाव दिलं. कृमींवरच्या ज्या आरएनए इंटरफिअरन्सच्या (आरएनएच्या मदतीने जनुक गप्प करण्याच्या) प्रयोगांना २००६ चं नोबेल मिळालं, ते १९९८ सालचे. म्हणजे त्याच घटनेचं एक रूप या बुरशीने सहा वर्षं आधीच डोळ्यांना दाखवलं होतं.

जीन सायलेन्सिंगवर पहिल्यांदाच काम करणाऱ्यांना मी हीच बुरशी सुचवते, कारण निकाल उघड्या डोळ्यांनी दिसतो. पण ती नवख्याला फसवतेही. का फसवते, ते आधी समजून घेऊ. हाताने करायची कामं त्यानंतर.

काम सुरू करण्याआधी: जीवनचक्राचा तक्ता भिंतीवर लावा

न्यूरोस्पोरा जनुकं एकाच पद्धतीने गप्प करत नाही. तिच्याकडे निदान तीन वेगळ्या यंत्रणा आहेत आणि प्रत्येकीची वेळ ठरलेली आहे.

बुरशी नुसती वाढत असते, तंतू पसरत असतात, तेव्हा चालतं क्वेलिंग. यात डीएनएला धक्का लागत नाही. जनुकाचा मेसेंजर आरएनए तयार होतो आणि मग तोडला जातो.

दोन स्ट्रेनचा, म्हणजे वाणांचा, संकर झाला, फलन झालं, पण दोन केंद्रकं अजून एकमेकांत मिसळलेली नाहीत, त्या मधल्या काळात चालतं रिप (रिपीट-इंड्यूस्ड पॉइंट म्युटेशन). एरिक सेल्कर यांच्या गटाने १९८७ मध्ये ते मांडलं. या टप्प्यावर केंद्रकात एकसारख्या क्रमाच्या दोन प्रती सापडल्या, की बुरशी दोन्हींमधल्या सी-जी जोड्या बदलून टी-ए करत सुटते. हा बदल कायमचा. एका संकरात अशा प्रतींमधल्या सी-जी जोड्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत जोड्या बदलू शकतात.

त्यानंतर केंद्रकं मिसळतात आणि अर्धसूत्री विभाजन, म्हणजे मायोसिस, सुरू होतं. इथे जोडीदार गुणसूत्रं समोरासमोर येतात. एखादा तुकडा एकीकडे आहे आणि दुसरीकडे त्याच जागी नाही असं झालं, तर त्या क्रमाची सगळी जनुकं तेवढ्या काळापुरती गप्प केली जातात, अगदी व्यवस्थित जुळलेल्या प्रतीसुद्धा. याला संशोधक एमएसयूडी (मायोटिक सायलेन्सिंग बाय अनपेअर्ड डीएनए) म्हणतात. त्याचं सविस्तर वर्णन २००१ साली झालं.

तुमच्या हातात एखादा विचित्र निकाल आला, की ‘कुठलं जनुक?’ हा प्रश्न मागे ठेवा. आधी विचारा: हे बुरशीच्या आयुष्यात कधी घडलं? अर्धा गुंता तिथेच सुटतो.

तुमच्या प्रश्नाला ही बुरशी चालेल का?

न्यूरोस्पोरा एकगुणित आहे. प्रत्येक जनुकाची एकच प्रत असल्याने बिघाड लगेच दिसतो. दुसरी प्रत त्याला झाकून घेत नाही. याच सोयीमुळे बीडल आणि टेटम यांनी १९४१ साली तिच्यावर जनुक आणि एन्झाइम यांचा संबंध दाखवला आणि १९५८ चं नोबेल मिळवलं. तिचा जीनोम २००३ मध्ये प्रसिद्ध झाला: सुमारे ४ कोटी बेस जोड्या, ७ गुणसूत्रं, १०,००० च्या आसपास जनुकं. एकमेकांसारख्या जनुकांची मोठी कुटुंबं त्यात फारशी नाहीत. रिप असं काही टिकूच देत नाही.

पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये आरएनए इंटरफिअरन्सची यंत्रणाच उरलेली नाही, त्यामुळे तिथे हे काम होणार नाही. आणि लहान आरएनएमुळे हेटरोक्रोमॅटिन (गुणसूत्राचा घट्ट गुंडाळलेला, गप्प भाग) कसं बांधलं जातं हा तुमचा प्रश्न असेल, तर मी स्पष्टच सांगेन, फिशन यीस्टकडे जा. न्यूरोस्पोरात डीएनएवरचं मेथिलेशन, म्हणजे मेथिल गट बसणं, आरएनए इंटरफिअरन्सवाचून होतं. तिथे या दोन वाटा वेगळ्या आहेत.

पायरी १: स्ट्रेन मागवा

१९६० पासून चालत आलेलं फंगल जेनेटिक्स स्टॉक सेंटर हे या क्षेत्राचं भांडार. नेहमीचे जंगली स्ट्रेन दोन: क्रमांक २४८९, मेटिंग टाइप (संकरासाठीचा गट; दोन विरुद्ध गटांतच संकर होतो) मोठा ए, आणि क्रमांक ४२००, मेटिंग टाइप छोटा ए. यांच्या जोडीला फ्लफी नावाचे टेस्टर, म्हणजे संकरासाठी वापरायचे स्ट्रेन, घ्या, ४३१७ आणि ४३४७. त्यांना कोनिडिया (संकराविना तयार होणारे बीजाणू) धरत नाहीत, त्यामुळे संकराची प्लेट स्वच्छ राहते आणि ते मादी म्हणून उत्तम चालतात. शिवाय एएल-१ चा एक खरा म्युटंट, आणि क्यूडीई-१, क्यूडीई-२, डीसीएल-१, डीसीएल-२ या क्वेलिंगच्या जनुकांचे नॉकआउट, म्हणजे ते जनुक काढून टाकलेले स्ट्रेन, मागवा.

मागवतानाच एक गोष्ट लक्षात ठेवा. संग्रहातल्या नॉकआउटमध्ये जनुकाच्या जागी हायग्रोमायसिन या प्रतिजैविकाला प्रतिकार करणारं जनुक बसवलेलं असतं. असा स्ट्रेन पुन्हा हायग्रोमायसिनवर निवडता येत नाही, कारण तो आधीच प्रतिकारक आहे. नॉकआउटमध्ये डीएनए घालायचा असेल तर बार जनुक आणि फॉस्फिनोथ्रिसिन, किंवा हिस-३ च्या जागेवर बसणारा प्लास्मिड, अशी दुसरी खूण हवी. ही गोष्ट प्लास्मिड बांधून झाल्यावर कळली तर महिना फुकट जातो.

पायरी २: वाढवा, पण आवरून

व्होगेलचं माध्यम वापरा. त्याचं ५० पट तीव्र द्रावण करून ठेवता येतं. वापरताना पातळ करा, २ टक्के सुक्रोज आणि दीड टक्का आगर घाला. जीवनसत्त्वांपैकी या बुरशीला फक्त बायोटिन बाहेरून लागतं. ३० ते ३४ अंश सेल्सिअसला ती तासाला ३-४ मिलिमीटर पुढे सरकते. संध्याकाळी प्लेटच्या काठावर ठेवलेला ठिपका दुसऱ्या संध्याकाळी पलीकडच्या काठाला भिडलेला असतो.

हा वेग हौसेने पाहावा, पण धाकही बाळगावा. कोनिडिया कोरडे आणि हलके असतात, हवेवर उडतात. १८४० च्या दशकात पॅरिसच्या बेकऱ्यांत हिने जो उच्छाद मांडला होता, त्यावरूनच ती शास्त्रीय नोंदींत आली. नळ्यांना कापसाचे बोळे घट्ट लावा, पूर्ण वाढलेली प्लेट कधीच उघडी ठेवू नका, टाकण्याआधी सगळं ऑटोक्लेव्ह करा. पेशीसंवर्धनाच्या खोलीत ही बुरशी नेऊ नका, आणि तिच्यावर काम करून त्याच कपड्यांनिशी तिथे जाऊही नका. माणसाला ती रोग करत नाही, पण शेजारच्या टेबलावरचं सहा महिन्यांचं काम सहज बुडवते.

पायरी ३: क्वेलिंग पाहा

एएल-१ च्या लिप्यंतरित भागाचा तुकडा हायग्रोमायसिन-प्रतिकार असलेल्या प्लास्मिडमध्ये घाला. नुसता प्रोमोटर घालून उपयोग नाही. किमान १३२ जोड्यांचा तुकडाही पुरतो असं दिसलेलं आहे. मी मात्र हजारभर जोड्यांचाच घेते, कमीत कमी तुकड्याची परीक्षा पहिल्याच प्रयोगात नको.

जंगली स्ट्रेनचे ताजे, एक-दोन आठवड्यांचे कोनिडिया बर्फगार १ मोलर सॉर्बिटॉलमध्ये दोन-तीनदा धुवा. डीएनए मिसळा आणि २ मिलिमीटरच्या क्युव्हेटमध्ये इलेक्ट्रोपोरेशन करा: १.५ किलोव्होल्ट, ६०० ओहम, २५ मायक्रोफॅरड. थोडा वेळ सावरू द्या आणि मग सॉर्बोज व मिलिलिटरला २०० मायक्रोग्रॅम हायग्रोमायसिन असलेल्या आगरवर ओता. सॉर्बोजमुळे बुरशी पसरत नाही, आटोपशीर गोल वसाहती येतात. तीन-चार दिवसांत त्या उचलता येतात. प्रत्येक वसाहत वेगळ्या नळीत घ्या, रंग पाहून निवडत बसू नका.

आता उजेड. तंतूंमध्ये हे रंगद्रव्य निळ्या प्रकाशाच्या इशाऱ्यानेच नीट बनतं. नळ्या दोन दिवस अंधारात उबवून मग एकसारख्या उजेडात ठेवा. अर्धा रॅक खिडकीशी आणि अर्धा कपाटात असला, तर तुम्ही सायलेन्सिंग न मोजता उजेड मोजाल. हे साधं वाटतं, तरी नव्या माणसाची पहिली चूक मी बहुतेक वेळा इथेच पाहिली आहे.

काही नळ्या केशरी राहतील, काही पांढऱ्या होतील, काही पिवळट, काहींत पांढरे-केशरी पट्टे उमटतील. पिवळट आणि पट्टेरी नळ्या फेकू नका. बाहेरची जनुकं प्रत्येक वसाहतीत वेगळ्या जागी आणि वेगळ्या संख्येने बसलेली असतात, म्हणून क्वेलिंगची तीव्रताही वेगळी असते.

तुलनेसाठी चार गोष्टी हव्यातच: जंगली स्ट्रेन, एएल-१ चा खरा म्युटंट, नुसता रिकामा प्लास्मिड दिलेला जंगली स्ट्रेन, आणि तोच एएल-१ तुकडा (पायरी १ मधल्या दुसऱ्या खुणेसह) दिलेला क्यूडीई-२ म्युटंट. शेवटच्यात पांढऱ्या वसाहती दिसता कामा नयेत, कारण क्यूडीई-२ हे आर्गोनॉट प्रथिन आहे आणि कापणी तेच करतं.

पायरी ४: पांढरं म्हणजे क्वेलिंगच, हे सिद्ध करा

न्यूरोस्पोराच्या कोनिडियात बहुतेक वेळा एकाहून अधिक केंद्रकं असतात. ट्रान्सफॉर्मेशननंतरच्या वसाहतीत काही केंद्रकांत नवा डीएनए असतो, काहींत नसतो. एकेक कोनिडियमपासून पुन्हा वसाहत वाढवणं, हे निवडमाध्यमावर दोन-तीन फेऱ्या करा.

मग आरएनए काढा आणि एएल-१ चा मेसेंजर आरएनए मोजा. प्रायमर बाहेरून दिलेल्या तुकड्याच्या *बाहेर* पडायला हवेत. आत पडले तर तुम्ही मूळ जनुक आणि नव्या प्रती यांची बेरीज मोजता आणि निकालाला अर्थ उरत नाही. शक्य असेल तर इंट्रॉन अजून न काढलेला आरएनएही मोजा. क्वेलिंगमध्ये तो टिकून असतो आणि पक्का मेसेंजर आरएनए घटतो. म्हणजे लिप्यंतर चालू आहे, नाश त्यानंतर होतो. लहान आरएनएच्या नॉर्दर्न ब्लॉटवर २५ न्यूक्लिओटाइडच्या आसपास लांबीची पट्टी दिसली की चित्र पुरं झालं. क्यूडीई-१ हे आरएनएवरून आरएनए बनवणारं पॉलिमरेज, डीसीएल-१ आणि डीसीएल-२ हे दोन डायसर तो दुपदरी आरएनए कापतात, आणि तुकडे क्यूडीई-२ च्या हाती जातात. दोन डायसर एकमेकांची जागा भरून काढतात, म्हणून एकच काढून ‘डायसर लागत नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

उलटा प्रयोगही उद्बोधक आहे. एएल-१ चा तुकडा सुलट-उलट जोडून हेअरपिन दिला, तर बुरशीत थेट दुपदरी आरएनए बनतो. मग क्यूडीई-१ आणि क्यूडीई-३ (डीएनएचे पदर उलगडणारं हेलिकेज) नसले तरी चालतं, पण डायसर आणि क्यूडीई-२ लागतातच. कोण आधी, कोण नंतर, हे एवढ्यावरून लावता येतं.

आणखी एक कसोटी हेटरोकॅरिऑनची. पांढरा स्ट्रेन आणि केशरी स्ट्रेन एका तंतूत एकत्र वाढवले की क्वेलिंग असल्यास मिश्रण पांढरं होतं: एका केंद्रकातून निघालेला संदेश दुसऱ्या केंद्रकाच्या जनुकालाही गप्प करतो. साधा अप्रभावी म्युटेशन असता तर मिश्रण केशरी झालं असतं. दोन्ही स्ट्रेन एकाच मेटिंग टाइपचे घ्या, विरुद्ध टाइप वाढीच्या काळात एकत्र नांदत नाहीत. आणि दोघांना वेगवेगळी पोषणाची उणीव असू द्या, म्हणजे साध्या माध्यमावर ते एकमेकांवाचून वाढूच शकणार नाहीत.

पायरी ५: संकर करण्याआधी थांबा

माझी सर्वांत मोठी चूक इथली. माझ्याकडे क्वेलिंगने पांढरा झालेला स्ट्रेन होता. क्यूडीई-२ शिवाय तो पुन्हा केशरी होतो का, हे पाहायचं होतं. मी सरळ त्याचा क्यूडीई-२ म्युटंटशी संकर केला आणि संतती वाढवली. क्यूडीई-२ नसलेल्या अनेक नळ्या पांढऱ्याच राहिल्या. मी वहीत लिहून टाकलं की इथे क्यूडीई-२ ची गरज नसावी. नंतर एक बारीक गोष्ट खटकली: ज्या संततीत बाहेरून दिलेली प्रत आलेलीच नव्हती, त्यातलेही काही पांढरे होते. क्वेलिंगला कारणच उरलं नव्हतं, मग पांढरे कशाने?

एएल-१ चा क्रम काढल्यावर उत्तर मिळालं. एकसारख्या प्रती असलेल्या केंद्रकातून संकर केला, म्हणजे मी ते जनुक रिपच्या हातात दिलं होतं. मूळ प्रतही जागोजाग सी ची टी, आणि उलट्या पट्टीवरून पाहिलं तर जी ची ए, अशी बदललेली. रंग तोच पांढरा. कारण पूर्ण वेगळं, आणि आता कायमचं.

म्हणूनच रोमच्या गटाने क्यूडीई जनुकं शोधताना संकराचा मार्ग धरला नव्हता. त्यांनी पांढऱ्या स्ट्रेनमध्ये म्युटेशन घडवली आणि वाढीच्या अवस्थेतच पुन्हा केशरी झालेल्या वसाहती टिपल्या. तुम्हालाही तीच वाट: म्युटंटमध्ये तुकडा थेट ट्रान्सफॉर्मेशनने घाला. संकर टाळता येत नसेल तर *दोन्ही* पालक आरआयडी (रिपला लागणारं जनुक) म्युटंट घ्या. एकच घेऊन रिप थांबत नाही.

पायरी ६: रिप मुद्दाम घडवून पाहा

चुकून झालेलं रिप त्रास देतं, ठरवून केलेलं फार शिकवतं. सुमारे ४०० जोड्यांहून लांब आणि ८० टक्क्यांच्या वर सारखी अशी जोडप्रत असलेला स्ट्रेन घ्या. संकरासाठी वेस्टरगार्ड-मिचेलचं माध्यम लागतं; त्यात नायट्रोजन कमी असतो आणि त्या उपासमारीमुळेच बुरशी मादी अवयव धरते. तापमान २५ अंश. ३० च्या वर संकर बिघडतो. मादी स्ट्रेन पाच-सहा दिवस वाढू द्या, मग विरुद्ध टाइपचे कोनिडिया पाण्यात मिसळून वरून ओता. साधारण दहाव्या दिवसापासून काळे बीजाणू झाकणावर उडालेले दिसतात. आणखी आठवडाभर पिकू द्या.

बीजाणू पाण्यात घेऊन ६० अंशांवर ३० मिनिटं ठेवा. यात दोन कामं होतात: बीजाणू जागे होतात आणि सोबत आलेले कोनिडिया मरतात. ही पायरी गाळली तर तुम्ही संतती म्हणून पालकालाच वाढवत बसाल.

क्रम वाचताना रिपची सही ओळखायला शिका. तिला सी नंतर ए असलेली जागा आवडते. आता सीएए आणि सीएजी हे ग्लुटामिनचे कोडॉन आठवा: सी ची टी झाली की उरतं टीएए आणि टीएजी, दोन्ही थांब्याचे. प्रथिन मध्येच तुटतं ते यामुळे. उत्परिवर्तित जागी पुष्कळदा मेथिलेशनही येतं. ते पाहायला डीपीएन-२ आणि साऊ-३ए या दोन एन्झाइमची जोडी पुरते: दोन्ही जीएटीसी ओळखतात, पण सायटोसिनवर मेथिल असेल तर साऊ-३ए अडतं आणि डीपीएन-२ कापतं. डीआयएम-२ (डीएनएवर मेथिल बसवणारं एन्झाइम) म्युटंट शेजारच्या रांगेत लावा. त्यात मेथिलेशन नसतंच. डीआयएम-५ म्युटंटमध्येही ते जातं, आणि ही मला या बुरशीची सर्वांत सुंदर शिकवण वाटते, कारण डीआयएम-५ डीएनएला हात लावत नाही. ते हिस्टोन एच-३ या, डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाच्या, नवव्या लायसिनवर मेथिल बसवतं. डीएनएवरची खूण हिस्टोनवरच्या खुणेमागून येते, हे २००१ साली इथेच कळलं.

पायरी ७: एमएसयूडी, सूक्ष्मदर्शकाखाली

इथे एएल-१ उपयोगाचं नाही. मायोसिस आणि बीजाणू घडण्याच्या काळात ज्याचं काम लागतं, असंच जनुक घ्या. राउंड स्पोअर हे नेहमीचं. ते बिघडलेला स्ट्रेन नर म्हणून आणि जंगली स्ट्रेन मादी म्हणून वापरा. एका पालकाकडे चांगली प्रत असूनही थैलीतले आठच्या आठ बीजाणू चातीच्या आकाराचे न होता गोल होतात. पूर्वी याला नुसतं प्रभावी म्युटेशन समजलं जाई. जोडीदार न मिळालेला तुकडा सगळ्यांना गप्प करतो, हे नंतर उमगलं. जनुक पूर्ण काढून टाकलेला स्ट्रेन यासाठी जास्त चांगला, कारण मग जोडप्रत नसते आणि रिपला कारण उरत नाही. जादा प्रत दुसरीकडे बसवून हाच प्रयोग केलात, तर दोन्ही यंत्रणा एकदम कामाला लागतात.

खात्रीसाठी हाच संकर एसएडी-१ काढलेल्या पालकासह करा. बीजाणू पुन्हा चातीसारखे होतात. एसएडी-१ हे या यंत्रणेचं आरएनए पॉलिमरेज. एकाच पालकात ते नसलं तरी पुरतं, आणि त्याचं कारण पाहून मला दर वेळी आनंद होतो: दुसऱ्या पालकाची एसएडी-१ ची चांगली प्रत आता बिनजोडीची असते, म्हणून यंत्रणा गप्प करायला धावते ती स्वतःच्याच जनुकाला.

साठवण, पहिल्याच दिवशी

क्वेलिंग झालेले स्ट्रेन कायम पांढरे राहत नाहीत. वाढताना बाहेरून आलेल्या प्रती गळत जातात आणि नळीत केशरी ठिपके उमटू लागतात. शुद्ध झालेल्या स्ट्रेनचे कोनिडिया त्याच दिवशी दुधात मिसळून कोरड्या सिलिका जेलवर घ्या, घट्ट बंद करा आणि थंड ठेवा. दर प्रयोगाला तिथले चार दाणे काढून नवी नळी सुरू करा. नळीवरून नळी करत जाऊ नका. लेबलवर स्ट्रेन, मेटिंग टाइप आणि तारीख यांच्यासोबत किती पिढ्या पुढे वाढवलं तेही लिहा, आणि संकरातून आलेल्या नळीवर ‘संकरज’ एवढं तरी लिहाच, म्हणजे दोन वर्षांनी ती पांढरी नळी हातात आल्यावर आधी काय तपासायचं ते कळेल.